मावशीचा उजवा खांदा

पाळणाघरातली एकवीस पोरं आणि त्यांचे आईबाप तिला मावशी म्हणत. हाक इतकी अंगवळणी पडली होती की घरी नवराही चुकून मावशीच म्हणायचा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पोरं उचलायची, पुसायची, बदलायची, निजवायची. अकरा वर्षं हेच. आणि गेली दोन वर्षं एक गोष्ट तिने कुणाला कळू दिली नव्हती. तिचा उजवा खांदा मधूनच जागा सोडायचा.

सांधे तिचे जन्मापासूनच सैल. लहानपणी अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवायची आणि भावंडं टाळ्या पिटायची. चाळिशीत आता ते कौतुक अंगाशी आलं होतं.

शेवटी ती गुपचूप व्यायामोपचाराला गेली. पहिल्याच भेटीत फिजिओबाईंनी तिला डोळे मिटायला लावले, तिचा डावा हात हळूच उचलून हवेत धरला आणि म्हणाल्या, "आता उजवा याच्याच बरोबरीने आणा."

तिने आणला. डोळे उघडून बघते तर उजवा चांगला वीतभर खाली!

"झोपला असेल मेला," तिने हसण्यावारी नेलं.

"झोपला नाही, मावशी. तो कुठे आहे ते तुम्हाला कळत नाहीये. सांधा सैल असला की तिथली खबर नीट पोचत नाही."

हात दुखतो, हात निसटतो, इथवर तिने मनाची तयारी केली होती. पण आपला हात कुठे आहे हे आपल्यालाच ठाऊक नसावं? आणि त्याच हातावर आपण लोकांची पोरं घेतो!

व्यायाम बघाल तर हसाल. काखेत टॉवेलची गुंडाळी, समोर आरसा, तळवा भिंतीला लावून दहा आकडे हलकेच दाबायचं. कोपर किंचित वाकलेलंच हवं. ताठ केलं की स्नायू सुट्टीवर आणि सगळा भार सांध्यावर. "ताण जाणवल्यावर नाही, त्याच्या आधी थांबायचं," हे बाईंनी चारदा बजावलं. मावशीला वाटलं, एवढ्याशाने काय होणार? अंग आखडलं की ताणून मोकळं करायचं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. घरी आल्यावर ती दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी लटकायची. इतकं बरं वाटायचं! तिसऱ्या आठवड्यात हे तिच्या तोंडून निघून गेलं, तेव्हा फिजिओबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, लोकांचे सांधे आखडतात म्हणून मी ते ताणते. तुमचे आधीच ताणलेले! इथे आपण घाम गाळायचा आणि घरी तुमचं ये रे माझ्या मागल्या. बरं, तुमच्या ताईंना सांगितलंत का?"

"सांगते हो."

ती सांगणार नव्हती. पाळणाघर चालवणाऱ्या ताई वाईट नव्हत्या, पण पोरं उचलता न येणारी मावशी कोण कशाला ठेवेल?

आणि मंगळवारी दुपारी व्हायचं ते झालंच. कपडे बदलायच्या उंच टेबलावरून ती ठकीला उचलत होती. ठकी अडीच वर्षांची, पण खाऊनपिऊन सुखी. तिला उचललं आणि मावशीचा खांदा खटकन निसटला. हातातला जोरच गेला. तिने डाव्या हाताने ठकीला छातीशी दाबलं, पाठ भिंतीला टेकली आणि भिंतीला घासत दोघी फरशीवर आल्या. खांदा आपसूक परत बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबलाचा कोपरा ठकीच्या डोक्याला लागायचा चार बोटांनी राहिला होता.

ठकी खदखदून हसली. "पुन्ना! मावची, पुन्ना!"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणी पाहिलं नाही, हे आधी नशीब वाटलं. संध्याकाळपर्यंत त्याचीच भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आईबापांची गर्दी होती. ठकीच्या आईने लेकीला त्याच टेबलावर बसवून बूट काढले आणि पिशवीत डबा शोधायला वाकली. तेवढ्यात ठकीला मावशी दिसली. पोरगी टेबलावर उभी राहिली, हात पसरले, गुडघे वाकवले.

"मावची, पुन्ना!"

मावशी धावली. हात पुढे केले नाहीत. नुसतं अंग टेबलाला भिडवलं. ठकी येऊन गळ्याला लोंबकळली.

"ताई, धरा हिला!" मावशी सगळ्यांदेखत ओरडली. "माझा हात निखळतो! मला नाही भरवसा!"

ताईंनी धावत येऊन पोरीला घेतलं. दारातले आईबाप वळून बघू लागले.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"दोन वर्षं." तिने डाव्या हाताने उजवा खांदा धरला. "काल हिला घेऊन खाली आले. म्हणून ती उडी मारत होती. तिला वाटलं, खेळ आहे."

ठकीच्या आईने लेकीला ताईंकडून ओढून घेतलं. ठकीने भोकाड पसरलं आणि दोन्ही हात मावशीकडे लांब केले. मावशी टेबलाला पाठ लावून तशीच उभी राहिली. ताई आता ठेवतात की काढतात, याची ती वाट बघत होती.