गल्लीच्या टोकाच्या पायऱ्या

लातुरातल्या त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. कोणीही भर घालू शकेल अशा एका इंटरनेटवरच्या नकाशासाठी मी सुट्टीच्या दिवशी रस्ते नोंदवत होते. अनोळखी माणसांशी बोलणं टाळायचं म्हणून नजर फोनवरच ठेवून चालले होते. दारात तांदूळ निवडणाऱ्या बाईंची नजर सुपात होती, तरी त्यांनी मला बरोबर हेरलं.

"का गं, हितून गाड्या तूच धाडायलीस का?"

कुणीतरी आधीच त्यांच्या दारासमोरची गल्ली नकाशावर आरपार दाखवली होती. तेव्हापासून मोटरसायकलवाले फोन बघून तिथून घुसत होते. बाईंचे सासरे लकव्यातून उठून त्याच गल्लीत काठी टेकत चालायला शिकत होते.

"पुसून टाक ती रेघ," त्या म्हणाल्या.

जागेवर जे असेल तेच दाखवावं लागतं, असं मी हळूच सांगितलं. टोकाला पायऱ्या असत्या तर गाडीचा रस्ता दाखवला नसता.

सुपातला हात थांबला. "आसं व्हय."

पंधरवड्यानं पुन्हा गेले, तर टोकाला सिमेंटच्या नव्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर सासरे टेकले होते.

"आता हाय ना जागेवर? लिव मग."

नकाशा जागेप्रमाणे बदलतो, एवढंच मी शिकले होते. मी नोंद केली: पायऱ्या, गाडी जात नाही. बाईंनी ती बघायलाही मागितली नाही.

"उठा मामा," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "आनखी एक चक्कर मारा."