पापनाशमचा तळ
परवा दुकानात सुंभाच्या दोरीचा वास आला आणि मी एकसष्ट सालच्या तंजावूरच्या शाळेत पोचले. आम्हा गाइड मुलींचा तळ पापनाशमजवळ कावेरीकाठी पडणार होता. तंबू कुठे, चूल कुठे, हे सगळं मीच वर्गाच्या फरशीवर खडूनं आखलं होतं.

आदल्या दिवशी अप्पा म्हणाले, "पोरीनं रात्री बाहेर राहायचं नाही." शाळेच्या बाईंनी घरी येऊन विनवलं, तरी अप्पा बधले नाहीत. तेव्हा मला तो त्यांचा राग वाटला. आज कळतं, ती भीती होती.

मैत्रीण रुक्मिणी तीन दिवसांनी तळावरून उन्हानं रापून परतली.

"कसं झालं गं?" मी विचारलं.

"तूच सांग. सगळं तुझंच तर होतं."

मग मीच सांगत सुटले, ओली वाळू, चुलीचा धूर, नारळीतला वारा. तिनं मला एकदाही टोकलं नाही.