लाईट गेली की साहेब गायचा

आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीत भिंतीला पीठ कुणी लावत नाही, तरी भिंती आपोआप पांढऱ्या होतात. शेजारच्यांच्या किश्श्यांचं तसंच असतं. कुणी जमवायला जात नाही, ते अंगावर बसत जातात. माझ्या अंगावर जरा जास्तच बसले, कारण आमची अन् सुदाम मास्तरांची भिंत एक. आमचे हे म्हणतात, "तुला कान दोन हायेत, पण दोन्ही त्याच भिंतीला!" म्हणू द्या.

मास्तर म्हणजे शाळेतले नाहीत, बँडमास्तर. मानवतपासून बोरीपर्यंत लग्नाला त्यांचंच क्लॅरिनेट.

* * *

नवीन नवीन राहायला आलो होतो. संध्याकाळी लाईट गेली, गिरणी थांबली, अन् भिंतीपलीकडून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, कुणाचं तरी लय दुखायलंय. वाटी घेतली अन् साखर मागायच्या निमित्तानं गेले.

बघते तर ओसरीत हँडल मारून चालवायची एक लाकडी पेटी, वर काळी तबकडी फिरायलीय. शेजारी मास्तर डोळे मिटून बसलेले. बायको कौसाबाई तांदूळ निवडायलीय. मास्तर डोळे न उघडता म्हणाले,

"बसा वहिनी. साहेब गायलाय."

मी बसले. आधी फोडणीसारखं तडतडलं. मग पंधरा-वीस जणांनी मिळून उसासा सोडावा तसे ट्रंपेट अन् सॅक्सोफोन आले, अन् त्यांच्यातून एका पुरुषाचा जड, दमलेला आवाज. भाषा इंग्रजी, एक अक्षर कळेना. पण अंगणातला उजेड निळा होत गेला अन् मला कुठलासा मोठा हॉल दिसायला लागला. दिवे, झगे घातलेल्या पोरी, सकाळी लढाईवर निघायचे ते जवान. ज्या लढाईशी माझा काडीचा संबंध नाही, तिच्यासाठी जीव हळहळला!

लाईट आली. घरी गेले तेव्हा वाटी रिकामीच होती.

* * *

पेटीची हकीकत अशी. मोठ्या लढाईच्या वेळी मास्तरांचे आजोबा सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांच्या बँडची वाद्यं उचलायला होते. लढाई संपली, सोल्जर मायदेशी निघाले, तेव्हा एका साहेबानं ही पेटी अन् तबकड्या त्यांना दिल्या. आजोबा गावी परतून लवकरच वारले. मग मास्तरांच्या वडिलांनी पेटी ऐकून ऐकून क्लॅरिनेटवर तीच चाल बसवली. इतकी दुःखी चाल, तर वाजवायची कधी? नवरी सासरी निघताना! तवापासून आमच्या भागातल्या पोरी त्या चालीवर सासरी जायलेत.

आता मास्तरांची एकच पोरगी, पल्लवी. नांदेडला नर्स, लग्न ठरलेलं. मास्तरांचा शब्द गल्लीला पाठ होता: "माझ्या लेकीला मीच वाजवून सासरी लावीन." पण घरी सराव करायला बसले की अर्ध्यातच अडायचे. मला भिंतीतून ऐकू यायचं. सूर चढायचा, थरथरायचा अन् तुटायचा. मग कौसाबाईचा आवाज:

"रडत रडत फुंकता येतंय व्हय? एक काय ते करा!"

* * *

पेटीच्या सुया कधीच संपलेल्या. मास्तर बाभळीचा काटा लावायचे. खरंच! पिकलेला, सरळ काटा. म्हणायचे, "लोखंडानं साहेब ओरडतो, काट्यानं कानात बोलतो."

एकदा माळावर काटे निवडत बसले होते. एक मेंढपाळ बराच वेळ बघत उभा राहिला. शेवटी जवळ येऊन म्हणाला,

"पाव्हणं, लोकं पायातला काटा काढायला बसत्यात. तुमी कुणाच्या पायात घालायलात?"

* * *

लाईट गेली की आमच्यात रशीदभाई पण यायचे. एसटीत मेकॅनिक होते, आता रिटायर. पार्टांच्या खोक्यांवरचं वाचून वाचून इंग्रजी येतं म्हणायचे. गाणं चालू असताना ते आम्हाला अर्थ सांगायचे. साहेब खंदकात बसलाय, घरून पत्र आलंय, आई गेली. आम्ही बाया पदर डोळ्याला लावायचो.

एकदा कौसाबाईनं धरलं. "भाई, परवा तुमी सांगितलं त्याची माय मेली. आज बायको कशी मेली?"

रशीदभाई जरा पण डगमगले नाहीत.

"भाभी, जंग लंबी चली ना!"

* * *

त्या चालीचा दरारा काय सांगू! मानवतचे एक कापसाचे व्यापारी दुसऱ्या पोरीच्या लग्नाचं ठरवायला मास्तरांकडे आले. मी पापड वाळवत होते, म्हणजे ऐकतच होते. सगळं ठरलं. उठता उठता व्यापारी हात जोडून म्हणाले,

"मास्तर, सगळं वाजवा. फक्त ती साहेबाची चाल नको."

"का हो शेटजी? रडणं तर चांगलं असतंय."

"रडण्याचं न्हाई हो! मागच्या वेळी तुमी वाजवली, तर आमची नवरी गाडीतून उतरून पुन्हा माडीवर जाऊन बसली! काढता काढता बेजार झालो!"

* * *

अन् मग रशीदभाईंनीच घोळ घातला. पल्लवीच्या लग्नाआधी पेटी नीट करून देतो म्हणाले. परभणीच्या भंगारातून दुसऱ्या पेटीची स्प्रिंग आणली, जुनी काढली, नवी बसवली. म्हणाले, "मास्तर, तुमची स्प्रिंग तर कवाच मेलती. तबकडी पाहिजे तशी फिरतच नव्हती, हळू हळू चालायची."

हँडल फिरवलं. काटा टेकवला.

अन् काय सांगू, ओसरीत वरात शिरली! ट्रंपेट हसायलेत, ढोल टुणटुण उड्या मारायलाय, अन् आमचा जड आवाजाचा, दमलेला, आईविना पोरका साहेब...

"अगं बया!" कौसाबाई ओरडली. "ही तर बाई हाय!"

बाईच होती. तरुण, मिठ्ठास, लाडात आलेली. रशीदभाई खाली बघून पान्हे गोळा करायला लागले. मास्तरांनी काटा उचलला अन् झाकण लावून टाकलं.

* * *

त्यानंतर लाईट जायची, गिरणी थांबायची, पण भिंतीपलीकडं सामसूम. मला राहवलं नाही. विचारलं, "मास्तर, पेटी लावत न्हाई?"

"वहिनी, मी साहेबाला वळखत होतो. ह्या बाईला वळखत न्हाई."

मग पेटीवरची धूळ पुसत म्हणाले, "माझ्या बापानं अन् मी एवढ्या पोरी रडवल्या. गाणं तर नाचायचं निघालं. आता माझ्या पोरीला काय वाजवू?"

मी उठून घरी आले. आमच्या ह्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

* * *

हळदीच्या आदल्या संध्याकाळी लाईट गेली, तेव्हा पल्लवीनं स्वतः पेटी लावली. मी अंगणाच्या भिंतीवरून डोकावले. ती एकटीच बसलेली, मांडीवर पत्र्याचा डबा, त्यावर बोटांनी ठेका धरायलीय. बाई गायलीय, अंगणात धूळ सोन्यासारखी तरंगायलीय.

दाराआड मास्तर उभे. चेहरा एकदम रागाचा. अन् खाली बघितलं तर पायाचा अंगठा ठेक्यात हलायलाय!

कौसाबाईनं मला भिंतीवर पाहिलं. म्हटलं आता बोलणी बसणार. ती हळूच म्हणाली, "अक्का, खाली उतरू नका. हालचाल केली की थांबत्याल ते."

* * *

अन् आता लग्नाचा दिवस. बुद्धवंदना झाली, हार घातले, पंगती उठल्या. पांढऱ्या साडीतली पल्लवी गाडीत बसली. सगळ्यांचे पदर तयार. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं.

जुनीच चाल. हळू. सूर चढला, थरथरला, अन् तुटला. पुन्हा लावलं. पुन्हा तुटला. ढोलवाला टिपरू वर धरून तसाच उभा. नवरदेवाचा मामा मागून म्हणाला, "चला, उशीर व्हायलाय." मास्तरांचा चेहरा बघवेना.

तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून मेंदीचा हात बाहेर आला अन् दरवाजाच्या पत्र्यावर ठेका धरायला लागला. टक टक, टका टक. जलद.

"बाबा," पल्लवी म्हणाली, "असं घ्या की."

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. श्वास भरून घेतला. अन् वाजवलं! ढोल आला, ट्रंपेट आलं, बाया रडायचं का हसायचं ते ठरवेनात, कौसाबाईचं दोन्ही चाललं होतं. गाडी निघाली. हात पत्र्यावर वाजतच होता. मास्तर वाजवत वाजवत गाडीमागं रस्त्यापर्यंत गेले, सूर कुठं तुटला नाही. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तसंच, हसतं, नाचतं.

मग त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. ओठ पुसले. रिकाम्या रस्त्याकडं बघतच बँडवाल्यांना म्हणाले,

"आता जुनी घ्या."