माशीनं मासा धरायचा बेत

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. रिटायर होऊन मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघताना त्यांनी माझ्या नवऱ्याला एक लांब, लवचीक काठी आणि चाकावर गुंडाळलेली दोरी दिली. हे मालगाडीवर गार्ड होते. काठी मासे धरायची होती, पण तिला गांडूळ लावायचं नव्हतं. गळाला पिसं बांधून खोटी माशी करायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, आणि खरी समजून मासा वर येतो. तरुणपणी त्या साहेबांनी कुलूच्या पलीकडच्या खोऱ्यात असे ट्राउट नावाचे मासे धरले होते. "बस थांबते तिथून पुढे चालत जायचं," ते म्हणाले. त्या दिवसापासून यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

रेल्वेचा पास होताच. मनमाडला गाडी बदलायची, मग दिल्ली, पठाणकोट, पुढे बस. सोबतीला माझे सासरे, आबा. ते शिरूरला शेती बघायचे आणि घोडनदीवर गळ टाकून बसायचे. मी घरी राहणार हे न बोलताच ठरलं होतं. मला वाईट वाटलं.

हे ड्युटीवरून आले की मैदानात सराव करायचे. दोरी डोक्यावरून मागं जायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांत अडकायची. एकदा शेजारणीचं लुगडं तारेवरून निघून यांच्या खांद्यावर आलं. सबंध कॉलनी हसली, हेही हसले.

माश्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. मी भरतकाम करायची, तेव्हा दोरा माझ्याकडे होताच. पिसं कोपऱ्यावरच्या घरातल्या कोंबड्याची. साहेबांनी दिलेली एक माशी समोर ठेवून मी बांधत गेले. पहिल्या काही झुरळासारख्या दिसल्या. मग हात बसला. हे ड्युटीवर गेले की मी पदर खोचून काठीही घेऊन बघायची. घाई केली की दोरी गुंतते, मागं पूर्ण जाऊ दिली की आपोआप पुढं सरळ पडते, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं.

श्रावण संपता संपता आम्ही शिरूरला गेलो. आबांनी माझी माशी बोटांवर घेऊन निरखली.

"ह्या पिसाला मासा लागतो व्हय?"

"तिकडं लागतो आबा," हे म्हणाले.

"मग हितल्या माशाला काय डोळं न्हाईत? चला नदीवर."

नदीवर यांनी दोनदा दोरी टाकली, दोन्ही वेळा ती बाभळीत गेली. बाभळीतून गळ सोडवून यांनी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बघ बरं तू." मी टाकली. माशी खडकाच्या सावलीत पडली, पाणी फुटलं आणि दोरी ताणली गेली. मी काठी घट्ट धरून नुसती मागं मागं सरत राहिले. आबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी तो चंदेरी मासा पंच्यात धरला. हातभरसुद्धा नव्हता, पण मला हसू आवरेना.

आबा यांच्याकडे वळले. "हिला घरी ठिवून आपण दोघं तिथं जाऊन काय करणार हाय? बाभळीतली दोरी काढणार?"

"अगं, येशील का तू?" यांनी विचारलं.

"अहो, तुम्ही विचारायचीच वाट बघत होते," मी म्हटलं.

बाजरी काढून, ज्वारी पेरून झाल्यावर, दसऱ्याचं सोनं वाटून आम्ही तिघं निघालो. आबांनी घोंगडी घेतली, मी वाटाण्याएवढ्या गळांवर बांधलेल्या माश्या एका पावडरच्या डब्यात भरल्या. बस संपली तिथून पुढे देवदारांतून दिवसभर चाललो. नदीचं पाणी इतकं गार की पाय घातला आणि मी ओरडतच बाहेर आले. मासेमारीचा परवाना देणाऱ्या माणसानं आबांच्या फेट्याकडे बघून विचारलं, "बाबाजी, आप भी?" आबांनी ऐटीत मान हलवली.

मला दोन मिळाले, यांना चक्क तीन. माशांच्या अंगावर लाल ठिपके होते. आबांनी दगडांची चूल मांडून, मीठ-मिरची लावून ते भाजले. खाऊन झाल्यावर बोटं चाटत म्हणाले, "आपल्या मरळीची सर न्हाई. आजून एक दे."