अहिल्येच्या बुटांचे स्क्रू

अहिल्या परांजपे माहेरची खानझोडे, नागपूरची. उन्हाळ्यात जिथे चप्पल डांबराला चिकटते अशा गावात वाढलेली ही बाई अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या जानेवारीत, नाकाचं बोंड लाल करून, सकाळी सकाळी पळायला निघते हे तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना काही केल्या पटत नसे. "डॉक्टरनं सांगितलंय का गं?" असं त्या काळजीनं विचारत. डॉक्टरनं काहीही सांगितलं नव्हतं. कॉलेजात ती विद्यापीठाच्या खो-खो संघात होती. मग लग्न झालं, अमेरिका आली, आणि नवऱ्याच्या व्हिसावर नुसतं घरात बसून कितीतरी वर्षं गेली. नोकरीला परवानगी नव्हती. पळायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही, हे एका वसंतात तिच्या लक्षात आलं आणि बाई जी सुटली ती सुटलीच.

२००७ सालच्या त्या हिवाळ्यात तिला एकच गोष्ट हवी होती. गावातल्या रनिंग ग्रुपची चार बायकांची रिले टीम एप्रिलमध्ये धावणार होती. तिघी ठरल्या होत्या. चौथी जागा फेब्रुवारीतल्या एका रविवारी, कालव्याकाठच्या वाटेवर पाच मैल पळवून ठरायची होती. टीम जमवणारी लिंडा शाळेत पीटी शिकवायची. "बर्फ असला तरी रन कॅन्सल होणार नाही," असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं. कॉलेज सुटल्यापासून अहिल्येला कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. ती जागा तिला इतकी हवी होती की पोळ्या लाटतानाही मनात तेच घोळायचं.

बर्फावर पळायचं म्हणजे स्पाइक्स हवेत, एवढं तिला माहीत होतं. पण स्पाइक्स म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर आले ते नागपूरच्या क्रीडासंकुलातले, शंभर मीटरवाल्या पोरींच्या पायांतले खिळ्यांचे बूट. खो-खोवाल्या अनवाणी खेळायच्या आणि त्या बुटांकडे बघून जळायच्या. दुकानात तसेच बूट दिसले आणि हिनं दुसरं काही पाहिलंसुद्धा नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते. त्या बुटांचे खिळे फक्त चवड्याखाली. टाच अगदी गुळगुळीत. स्वतःच्या ड्राइव्हवेवरच टाच सटकली आणि अहिल्याबाई जमिनीवर बसल्या. पुढचे पंधरा दिवस त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही उशी घेऊन गेल्या.

विनय, म्हणजे तिचा नवरा, पुण्याचा. चप्पल घ्यायची तरी चार दुकानदारांशी वाद घातल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा. तो म्हणाला, "हे बघ, आणखी एकदा पडलीस तर बाहेर पळणं बंद. बेसमेंटमध्ये ट्रेडमिल आणतो."

"ट्रेडमिलवर पळून माणूस पोचतो कुठे?"

"हॉस्पिटलमध्ये तरी पोचत नाही."

 तिनं अट मान्य केली. आणि ती एकदा शब्द देऊन बसली की मोडत नसे, हीच पंचाईत होती.

मग तिनं बुटांवरून चढवायची रबरी जाळी आणली, खाली तारेची वेटोळी असलेली. चालायला ती उत्तम. पण घरात पादत्राणं आणायची नाहीत हा नियम अहिल्येचाच, त्यामुळे जाळी रात्रभर पोर्चमधल्या चपलांच्या रॅकवर गारठली. सकाळी कडक झालेलं रबर पहिल्याच वळणावर चवड्यावरून निसटलं. ती पडली नाही, शेजाऱ्याच्या मेलबॉक्सला मिठी मारून वाचली. पण मेलबॉक्स दर वळणावर नसतो.

त्या दिवशी तिनं आपले जुने झिजलेले बूट उलटे करून मांडीवर घेतले आणि नीट पाहिलं. तळ कुठे झिजलाय? टाचेची बाहेरची कड आणि चवड्याची दोन्ही टोकं. म्हणजे पाय तिथे जमीन धरतो. मधे तर रबर नव्यासारखंच होतं. पकड लागते ती तिथेच, दुकानदार काही म्हणो. ग्रुपमधलं कुणीतरी बुटाला स्क्रू मारतात असं म्हणालं होतं, ते तिला आठवलं. हार्डवेअरच्या दुकानातून तिनं षटकोनी डोक्याचे आखूड स्क्रू आणले. डोकं बाहेर राहतं, त्याच्या कडा बर्फाला चावतात, आणि टोक तळव्यापर्यंत पोचत नाही. ड्रिल विनयचं होतं. बूट मात्र तिनं नवे घेतले.

"आई, यू आर नॉट सीरियस!" लेक निधी ओरडली.

"नव्या बुटांना भोकं? हात दाखवून अवलक्षण," विनय म्हणाला.

"काहून? पाय माझे हायेत न?" चिडली की अहिल्येचं नागपूर असं बाहेर यायचं.

रविवारी कालव्याकाठी आदल्या पावसाचा गोठून आरसा झाला होता. चौथ्या जागेसाठी अहिल्येबरोबर केली नावाची मुलगी होती, वयानं निम्मी आणि पायांनी दुप्पट. सुरुवातीला केली पुढे गेली ती दिसेनाशीच झाली. अहिल्येनं घाई केली नाही. कट्‌कट्‌ असा स्क्रूंचा आवाज येत होता आणि दर पावलाला तिचा विश्वास वाढत होता. लाकडी पुलापाशी वाट एकदम वळते. तिथे केली कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत होती. अहिल्येचा पाय क्षणभर सरकला. अंग आपसूक खाली झुकलं, खो-खोत खांबाला वळसा घालताना झुकायचं तसं, टाचेची कड बर्फात रुतली आणि ती वळली. "हळू ये, घाई करू नकोस!" असं केलीला इंग्रजीत सांगायलाही ती विसरली नाही. आणि मग तिनं मागे पाहिलं नाही.

गाडीचा हीटर लावून बसलेला विनय तिला एकटीला येताना पाहून बाहेर आला आणि हातमोजे घालायचे विसरलेल्या हातांनी टाळ्या वाजवत राहिला. लिंडानं शेवटचा टप्पा तिला दिला, म्हणजे जिच्यावर टीमची सारी भिस्त असते तो. ते ऐकून अहिल्या सगळ्यांसमोर रडली आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

पुढच्या शनिवारी परांजप्यांच्या गॅरेजमध्ये टीममधल्या तिघींचे बूट ओळीनं पडले होते आणि विनय गुडघ्यांवर बसून ड्रिल चालवत होता. लिंडानं त्याला विचारलं, "तू इंजिनिअर ना? ही आयडिया तुझीच असणार."

"नाही," विनय म्हणाला. "मी फक्त ड्रिल धरतो. डोकं तिचं."

अहिल्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. इतक्या वर्षांत चारचौघांत असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता, आणि तिचा ऊर अभिमानानं भरून आला. पण बोलली ती एवढंच, "विनय, तो टाचेच्या मधोमध मारलास. कडेला हवा."

आणि पुण्याच्या माणसानं, वाद न घालता, स्क्रू काढून कडेला लावला.