न्हाणीची वाकडी भिंत

लढाईचे दिवस होते, सिमेंट कुठे मिळत नव्हतं, तरी वडिलांनी न्हाणीला पांढऱ्या लाद्या बसवायचं मनावर घेतलं. कसाऱ्याकडे एक जुना बंगला पाडला, तेव्हा तिथल्या चिनी मातीच्या लाद्या त्यांनी भाताच्या पेंढ्यात घालून बैलगाडीने शहापूरला आणल्या होत्या. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मूल तीन महिन्यांचं होत आलं होतं आणि मला न्यायला कल्याणहून सासरची माणसं यायची होती. शेवाळलेली न्हाणी त्यांच्या नजरेस पडू नये, एवढंच वडिलांच्या डोक्यात होतं.

गवंडी मुरबाडचा. त्याची बायको चुना मळायला बरोबर असायची. पहिल्या दिवशी त्याने मागच्या भिंतीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली आणि हसायलाच लागला. भिंत मधोमध वीतभर आत गेलेली, सुपासारखी.

"हिच्यावर लादी बसायची नाय," तो म्हणाला. "एवढा चुना थापला तर चार महिन्यांत लाद्यांसकट खाली येईल. जुना गिलावा पार काढतो, दगडापर्यंत जातो, मग विटा घालून सरळ करू."

ओल धरून भिंत खचली असेल, असं त्याला वाटत होतं. आम्हालाही तसंच वाटलं. माझी न्हाणी परसात कुडाच्या आडोशाला हलली आणि घरात दिवसभर छिन्नीचा आवाज सुरू झाला.

गिलाव्याचे पापुद्रे निघाले तसे आत घडीव दगड दिसू लागले. नीट बसवलेले, एका गोलात. गवंड्याची बायको घमेलं भरायला वाकली आणि तशीच थांबली. कमरेएवढ्या उंचीवर दगडाच्या कडेला खोलगट खाचा पडल्या होत्या. तिने एका खाचेत बोट घातलं, मग शेजारच्या.

"अहो, हे दोराचे घळ हायेत," ती म्हणाली. "पाणी ओढून ओढून पडलेले. हा विहिरीचा कठडा हाय."

गवंडी खाली वाकला. जमिनीलगतचा एक दगड हलत होता, त्याच्या फटीत त्याने छिन्नी घालून दाबली. दगड खाली निसटला आणि फरशीच्या कडेखाली दिसेनासा झाला. मी मुलाला खांद्याशी धरून दारात उभी होते. आम्ही तिघं त्या भोकाकडे बघत राहिलो. मग खालून, खूप खालून, पाण्याचा आवाज आला.

आदल्याच आठवड्यापर्यंत त्या न्हाणीच्या मधोमध पाटावर बसून, पायांवर पोर आडवं घेऊन मी त्याला न्हाऊ घालत होते.

वडील धावत आले. ओणवे होऊन त्यांनी भोकाला तोंड लावलं, हाक मारली, आणि त्यांचीच हाक त्यांना परत आली. ते उठले तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"ही तर बुजवली होती," ते म्हणाले. "बाबांनी मला सांगितलं होतं, बुजवली म्हणून."

तेव्हा आई मागे उभी होती. आम्ही सगळे हादरलो होतो आणि तिच्या चेहऱ्यावर मात्र नवल दिसत नव्हतं.

"बुजवली नाय," ती म्हणाली. "वर सागाच्या फळ्या टाकल्या, त्यावर फरशी. मागचा कठडा तसाच ठेवून भिंत चढवली."

वडील तिच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"तुमी कसाऱ्याला नोकरीवर होतात. पोर रांगायला लागली, विहीर बुजवा, असा तुमचा धोशा होता. मामंजी म्हणायचे, जिवंत झऱ्याची विहीर बुजवली तर पाप लागतं. मग त्यांनी हे केलं, आणि मला म्हणाले, त्याला सांगायचं नाय."

रांगायला लागलेली ती पोर म्हणजे मी.

"आणि तू मुलांना तिथं आंघोळी घातल्यास?"

"साग कुजतो होय? आणि दर वर्षी पाऊस सरला की मुसळाने ठोकून बघायचे मी."

ते ठोकणं मी लहानपणापासून ऐकलं होतं. आई उंदरांना हुसकावते, अशी माझी समजूत होती.

गवंड्याने पहार घेतली आणि मधली फरशी उचलली. खाली काळी, ओली फळी. त्याने पहारेचं टोक नुसतं टेकवलं आणि ते शिळ्या भाकरीत जावं तसं आत गेलं. लाकडाचा लगदा खाली पडला. त्या भोकातून गार, कुबट वारा वर आला.

इतका वेळ शांत असलेली आई मटकन खाली बसली. "आवाज तर चांगला यायचा गो," ती मला म्हणत राहिली. "आवाज चांगला यायचा." तिने माझ्या हातून मूल ओढून घेतलं आणि त्याला इतकं घट्ट धरलं, की ते रडायला लागलं. संध्याकाळपर्यंत ती त्याला कोणाकडे देईना.

दुसऱ्या दिवशी आईने विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला. पापाचा विषय कोणीच काढला नाही. मग मुरमाच्या गाड्या येऊ लागल्या. वडील स्वतः घमेली ओतत होते. विहीर भरली, धुमसाने ठोकून पक्की केली, कठडा काढून गवंड्याने पायापासून नवी भिंत घेतली. ओळंबा सोडला तेव्हा ती सरळ होती. नव्या भिंतीवर लाद्या बिनतक्रार बसल्या.

सासरची माणसं आली. सासूबाई न्हाणीतून बाहेर येत म्हणाल्या, "मुंबईत नसेल अशी न्हाणी." वडील कसनुसं हसले. आई वाढत होती. तिने मान वर केली नाही.

आजोबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या पितृपक्षात वडिलांनी पान वाढू दिलं, पण नमस्काराला ते उठले नाहीत. आणि पुढे कितीतरी दिवस, जेवताना मध्येच हात थांबवून ते आईला विचारायचे, "आणखी काय आहे या घरात?"

"काय नाय," आई म्हणायची. "जेवा."

ते जेवायचे. पण आधी थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.