हवेतून ऊब ओढणारे काका

मिनेसोटातल्या समस्त मराठी माणसांत थंडीकडे लोभी नजरेनं बघणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरच्या गोतावळ्यात निघाला. बाकी आम्ही सगळे, कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी पुण्या-मुंबईहून आलेले, ऑक्टोबर लागला की मुकाट्यानं थंडीला शरण जायचो. माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान मात्र ऐन जानेवारीत कानटोपीही न घालता अंगणात उभे राहत आणि समोरच्या बर्फाकडे बघून हळहळत, "केवढी ऊब वाया चाललीय बघा, जावईबापू!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी सासुरवाडीच्या माणसांबद्दल नको तो विचार केला. पुढे कळलं की काका रेफ्रिजरेशनचे इंजिनिअर. जन्मभर फ्रिजच्या आतली उष्णता बाहेर काढायचं काम केलं, आता निवृत्तीनंतर बाहेरची उष्णता घरात आणायचा ध्यास घेतला होता. कितीही गारठा पडला तरी हवेत उष्णता शिल्लक असतेच, फक्त ती ओढून घेता आली पाहिजे, हे ते इतक्या वेळा सांगत की आमच्या महाराष्ट्र मंडळातली मुलं त्यांना बघितलं की खेळ टाकून पळत.

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं आधी पाणी पितात, काका आधी खिडक्या बघत. फटीतून वारा येतो का हे तपासायला ते खिशात उदबत्तीचा पुडा बाळगायचे. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, गुरुजी जेवायला बसल्यावर, त्यांनी उदबत्ती पेटवली आणि प्रत्येक खिडकीच्या चौकटीवरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. धूर हलतो कुठे यावर नजर रोखलेली, चेहरा गंभीर. हा विधी राहिलाच असावा असं समजून माझी आई हात जोडून त्यांच्या मागे चालू लागली, आईच्या मागे माझी बायको, आणि बघता बघता निम्मे पाहुणे बाथरूमपर्यंत जाऊन आले. शेवटच्या खिडकीपाशी काकांनी मागे वळून जाहीर केलं, "गळतंय!" गुरुजींचा जिलबीचा हात तसाच राहिला.

अशा माणसानं एका हिवाळ्याच्या तोंडावर आपल्या दिवाणखान्यात एसी बसवला. म्हणजे दिसायला आपल्याकडचा स्प्लिट एसीच. भिंतीवर लांबट पांढरी पेटी, आणि घरामागे बाहेर पंख्याची मोठी पेटी. तो उलटा चालतो, बाहेरच्या हवेतली ऊब खेचून आत सोडतो, त्याला हीट पंप म्हणायचं, हे काकांनी आम्हाला बजावलं. पण मिनेसोटात त्या काळी कुणी असलं काही ऐकलं नव्हतं. गावातल्या मेकॅनिकनं 'नो सर' म्हणून फोन ठेवला, तेव्हा त्यांनी शेजारच्या राज्यातून एकाला पटवून आणलं. पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या पेटीनं स्वतःवरचा बर्फ वितळवायला सुरुवात केली आणि तिच्यातून वाफेचा लोट उठला. शेजारचा गोरा म्हातारा फावडं घेऊन धावत आला, "इट्स ऑन फायर!" काका शांतपणे म्हणाले, "नो, नो. इट इज ओन्ली ब्रीदिंग." तेव्हापासून तो म्हातारा त्या पेटीला लांबूनच हात करायचा.

मावशींना मात्र या श्वासोच्छ्वासाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या मूळच्या नागपूरच्या. मे महिन्यात गच्चीवर अनवाणी पापड वाळवलेल्या बाईला नशिबानं बर्फात आणून टाकलं होतं, आणि आता गुडघे रोज सकाळी त्याचा जाब विचारत. मुलगा टेक्सासमध्ये, अर्विंगला. "तिथे काय ऊन असतं बाप्पा! आणि कोथिंबीर हवी तेवढी," असं त्या सांगत तेव्हा कोथिंबिरीपेक्षा नातवाचीच आठवण जास्त असायची. "अहो, घर विकू नि जाऊ. हा हिवाळा शेवटचा," असं त्यांनी बजावलं होतं. काकांचा जीव इथे अडकलेला. हे घर, बेसमेंटमधलं त्यांचं वर्कशॉप, ज्याच्याशी हुज्जत घालायची तो हिवाळा. "टेक्सासात मी करू काय? तिथे उबेची कुणाला पर्वाच नाही," ते मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता.

शेवटी नवराबायकोत करार झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बेसमेंटमधला फर्नेस, म्हणजे सगळं घर तापवणारी गॅसची भट्टी, बंद ठेवायचा. नुसत्या भिंतीवरच्या मशीनवर घर ऊबदार राहिलं तर इथेच राहायचं. बायकांनी कुडकुडत वाण नेलं, तर वसंतात घर विकायचं. काका निर्धास्त होते. डिसेंबरभर मशीन झकास चाललं होतं, दिवाणखान्यात दहीसुद्धा लागत होतं, आणि ते स्वतः मावशींनीच सगळ्यांना सांगितलं होतं. सणाच्या दिवशी थंडी मशीनच्या माहितीपुस्तकातल्या मर्यादेच्या आत होती. सकाळीच मला फोन आला, "जावईबापू, घर काही विकत नाही आपण!"

दुपारी काळ्या साड्या नेसून बायका जमल्या. पहिल्या तिळगुळापर्यंत ठीक होतं. मग कुणीतरी शाल ओढली, कुणी खोलीतून कोट आणला, आणि हलव्याचे दागिने घातलेलं एक गोजिरवाणं बाळ रडायला लागलं. भिंतीवरची पेटी गार फुंकर घालत होती. "यार, शेवटी एसी तो एसीच," कुणाचा तरी नवरा पुटपुटला. मावशी कुणाकडे न बघता कुंकू लावत राहिल्या. काकांचा चेहरा मला बघवेना. ते उठले, दार उघडून घरामागे गेले, आणि मी त्यांच्या मागोमाग.

बाहेरची पेटी गोधडीत गुंडाळलेली होती. मावशींनी जुन्या सुती पातळांची शिवलेली, त्यांच्या स्वतःच्या पलंगावरची गोधडी. वारा लागून उडू नये म्हणून परकराच्या नाडीनं दोनदा बांधलेली. आत पंखा घुसमटत होता, कडांना बर्फ धरला होता. हवाच मिळत नव्हती तर मशीन ऊब ओढणार कुठून?

मी म्हटलं, "काका, हे तर मुद्दाम..." त्यांनी मान हलवली. "नाही रे. सकाळपासून म्हणत होती, आज एवढे लोक येणार, बिचाऱ्यावर केवढं काम पडेल, आणि ते उभं बाहेर गारठ्यात. मी लक्ष दिलं नाही." मी नाडीला हात घातला. "सोडतो. अर्ध्या तासात घर तापेल."

काकांनी माझा हात धरला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मावशी दिसत होत्या. काळ्या साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, आणि तशातही कुणाच्या तरी हातावर तिळगूळ ठेवून हसत होत्या. काका तिकडे बघतच म्हणाले, "जिला हे हरायला हवं होतं, तिनंच आपलं पांघरूण काढून याला घातलंय. आता मी जिंकून काय करू?" गोधडीची एक कड वाऱ्यानं सुटली होती. ती त्यांनी वाकून नीट आत खोचली, आणि मला बजावलं, "कुणाला बोलायचं नाही."

आत येऊन सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, "हरलं मशीन." मग स्वतःच बेसमेंटमध्ये उतरून फर्नेस लावला. लोक हसले, दोघांनी पाठ थोपटली, एकानं इंजिनिअरिंगवर विनोद केला. काका सगळ्यांबरोबर हसत होते.

वसंतात घर विकलं गेलं. माझ्या घराच्या खिडक्या अजून गळतात, आणि त्या तपासायला आता कुणी येत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. परवा संक्रांतीला अर्विंगला फोन केला. मावशींचे गुडघे बरे आहेत, नातू मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो, पण मांडीवर बसतो. बोलता बोलता जुन्या घराचा विषय निघाला आणि त्या हळहळल्या, "बिचारं मशीन! हळदीकुंकवाच्या दिवशी मी आपली गोधडी घातली होती हो त्याला. यांना नाही सांगितलं, हसले असते. पण तरी गारठलंच बघा."

काका त्याच घरातल्या दुसऱ्या फोनवर ऐकत होते, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी म्हटलं, "थंडीच फार होती मावशी त्या दिवशी." काका नुसते खाकरले.